बंदुकवाल्या साहेबाचं स्वयंपाकघर

मी बावीस वर्षं बंदुका विकणाऱ्या माणसाच्या घरी स्वयंपाक केला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीनं लपवलं. पहिली सात-आठ वर्षं मला त्यांचा धंदा ठाऊक नव्हता. पुढं ठाऊक झाला, तरी मी काम सोडलं नाही. पगार वेळेवर मिळायचा, बंगल्यामागं राहायला खोली होती आणि माझ्या स्वयंपाकघरात कुणी हात घालत नव्हतं. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. ती खोली हेच माझं घर होतं.

साहेब मूळचे सोयगावकडचे, कापूस पिकवणाऱ्या मोठ्या शेतकऱ्याचे धाकटे चिरंजीव. आधी विहिरीवरच्या मोटारी विकल्या, मग मोटारी विकायला म्हणून आफ्रिकेत गेले आणि तिथून परत आले ते वेगळेच होऊन. चार भाषा बोलायचे. तीन फोन वापरायचे, आणि कोणता वाजला यावरून त्यांचा चेहरा बदलायचा. माणूस हुशार होता, यात वाद नाही.

मी कामाला लागले तेव्हा त्यांची आई घरात होती. पहिल्याच दिवशी म्हातारीनं विचारलं, "कुणाची गं तू?" मी सांगितलं, आम्ही बौद्ध, वेरूळकडचे. दुसऱ्या दिवशी तिनं व्हरांड्यात वेगळी चूल मांडली. साहेब तिला म्हणाले, "आई, मी जगभर कुणाकुणाच्या पंगतीला बसतो ते तुला सांगितलं, तर तू मलाबी घरात घेणार नाहीस." म्हातारीनं तीन महिने व्हरांड्यात स्वतःचं स्वतः रांधलं. मग ताप आला, हात थरथरायला लागले, तेव्हा मी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची आमटी आणि मऊ भाकरी नेऊन ठेवली. ती जेवली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मीठ कमी नव्हतं. पण त्यानंतर व्हरांड्यातली चूल मी उचलून टाकली आणि ती पुन्हा कुणी मांडली नाही.

धंदा कळला तो असा. साहेबांकडं परदेशी पाहुणे यायचे, आणि सगळे लेणी पाहायला म्हणून यायचे. दिल्ली-मुंबईत भेटलं की कुणीतरी बघतं. आमच्या गावात गोरा माणूस उतरला तर कुणाला नवल नाही. तो अजिंठा-वेरूळला आला, एवढंच लोक धरून चालतात. मी पाहुण्यांना सोबत द्यायला धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी असा डबा बांधायची. डबा संध्याकाळी जसाच्या तसा दिवाणखान्यात सापडायचा. बुटांवर धूळ नसायची. लेणी चढून आलेला माणूस आधी पाणी मागतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. हे पाहुणे दारू मागायचे.

मग एकदा कोठीत मला खोकं दिसलं. आत काळ्या दगडाचे छोटे हत्ती आणि लेण्यांच्या फोटोंची पुस्तकं, पन्नासेक तरी असतील. पाहुणा निघाला की साहेब त्याच्या हातात एक हत्ती आणि एक पुस्तक द्यायचे. घरी गेल्यावर त्यानं काय पाहिलं ते दाखवायला लागणार ना.

मी सरळ विचारलं, "साहेब, तुम्ही विकता तरी काय?"

ते पाटावर बसून भाकरी खात होते. परदेशातून आले की पहिलं जेवण स्वयंपाकघरात खाली बसून करायचे, ही त्यांची सवय. म्हणाले, "मी विकत नाही मावशी. मी सोयरीक जुळवतो. एका देशाकडं पोरगी असती, दुसऱ्या देशाकडं स्थळ. मी मधला."

"कसली पोरगी?"

"तोफ. बंदूक. कधी रडार असतं."

"आणि सासरी जाऊन ती फुटली तर?"

"फुटणारीच पोरगी पाहिजे असती त्यांना," ते म्हणाले आणि अजून ठेचा मागितला.

मी ठेचा वाढला. त्या दिवशी मी फार विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांची बंदूक कुठं चालली, कोण मेलं, मला दिसत नव्हतं. मला दिसायची ती ताटं. साहेबांची एक पद्धत होती: मी किती ताटं वाढायची ते सकाळी सांगायचे, ताटं मधल्या टेबलावर ठेवली की मी दार लावून आत यायचं. वाढायचे ते स्वतः. त्यामुळं बैठकीला किती माणसं होती ते मला कायम ठाऊक असायचं, कोण होती ते नाही. बावीस वर्षांत मी ते दार एकदाही किलकिलं करून पाहिलं नाही. त्याचा मला तेव्हाही अभिमान होता. पुढं तेच माझ्या कामाला आलं.

आता त्या मंगळवारचं सांगते.

थंडीचे दिवस होते. आदल्या संध्याकाळच्या विमानानं दोन गोरे पाहुणे आले. सकाळी साहेब म्हणाले, "सात ताटं, मावशी." दहाच्या सुमाराला मागच्या फाटकातून पडदे लावलेली गाडी आली. त्याच वेळी माझा धाकटा भाऊ फाटकाशी उभा. तो वेरूळला लेण्यांच्या दारात पेरू आणि सीताफळं विकतो. वॉचमननं त्याला अडवून ठेवलं, आणि भाऊ तिथूनच ओरडत होता, "आवं, बहिणीला पेरू द्यायला आलोय, दरोडा घालायला नाय." मी जाऊन पिशवी घेतली आणि त्याला वाटंला लावला. त्या दिवशी जेवणात पेरूची कोशिंबीर केली ती त्याच पेरूंची.

ताटं आत गेल्यावर वाढीव भाकऱ्या मधल्या टेबलावर ठेवायला गेले, तर बैठकीकडचं दार नेमकं उघडं राहिलेलं. मला एक हात दिसला. पांढरी बाही, जाड बोटं, दोन अंगठ्या. त्या हातानं वाटीतली कोशिंबीर दुसऱ्यांदा घेतली. मी माझ्याकडचं दार लावलं आणि आत आले. गाड्या उभ्या असतात ती जागा माझ्या खिडकीतून दिसते; दुपारी तीन वाजेपर्यंत त्या बंगल्यातून कुणी बाहेर गेलं नाही. गोरे पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं गेले, हातात हत्ती घेऊन.

दीड वर्षानं सरकार बदललं आणि पेपरात साहेबांचा फोटो आला. तोफांच्या खरेदीत जुन्या सरकारच्या मंत्र्यानं परदेशी कंपनीशी गुपचूप बैठक केली, ती आमच्या साहेबांनी जुळवली, असं त्यात होतं. दिल्लीहून चौकशी लागली. बंगल्यावर दोनदा झडती झाली. माझे मसाल्याचे डबेसुद्धा उलटे केले. काळा मसाला फरशीवर सांडला तो मला पुन्हा वर्षभराचा करावा लागला. परदेशी पाहुणे कधी आले, कधी गेले हे विमानाच्या कागदांवरून निघालं होतं. मधला एकच दिवस होता, मंगळवार. त्या दिवशी ते कुठं होते, एवढ्यावरच सगळं येऊन थांबलं होतं.

एका सकाळी साहेबांनी मला दिवाणखान्यात बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच मला कळलं की काहीतरी गडबड आहे. समोर मुंबईचा वकील. त्यानं टाइप केलेला कागद पुढं सरकवला आणि शाईचा डबा उघडला.

"इथं अंगठा लावा, मावशी. साधा कागद आहे."

"अंगठा भाकरी थापायला आहे," मी म्हणाले. "सही येते मला. आधी वाचते."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. वाचायला वेळ लागतो, ओळीखाली बोट धरावं लागतं. वकील घड्याळ बघत होता. बघू दिलं. कागदात लिहिलं होतं की मंगळवारी सकाळी नऊला दोन्ही पाहुणे ड्रायव्हरबरोबर वेरूळची लेणी पाहायला गेले ते चारला परत आले, त्यांचा डबा मी स्वतः बांधून दिला, आणि दिवसभरात बंगल्यावर दुसरं कुणी आलं नाही.

मी कागद परत सरकवला. "असं झालं नाही."

"झालं की नाही ते तुम्हाला कसं कळणार? तुम्ही आत असता."

"आत असते म्हणूनच. सात ताटं वाढलीत मी त्या दिवशी."

वकिलानं साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. पोळ्या राहिल्यात." पोळ्या झालेल्या होत्या.

संध्याकाळी साहेब स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसले. जेवायला नाही. मी मेथी निवडत होते.

"मावशी, माझ्यावर राग आहे का?"

"नाय."

"मग एका सहीनं काय बिघडतंय? ड्रायव्हर करणार आहे. तुम्ही केली की दोन साक्षी होतात. कोर्टात घरच्या बाईचं वजन पडतं."

"खोटं लिहिलंय त्यात."

"दिल्लीत सगळे खोटंच लिहून राहिलेत. ते मला आत टाकणार, आणि उद्या त्यांची तोफ दुसरा कुणी मधला आणणार. काय फरक पडणार?"

"तुम्ही म्हणता तसंच असेल. माझी सही माझी आहे."

त्यांनी मेथीची एक जुडी माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "तुमची खोली तुमचीच आहे, मी असेपर्यंत. पण मी आत गेलो तर माझे भाऊ बंगला विकतील. त्यांना तुमचं काय पडलंय? हे तुमच्यासाठीपण बोलतोय मी." आवाज चढवला नाही त्यांनी. धमकी होती की काळजी, मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

उठता उठता त्यांनी एक वाक्य टाकलं. "वकिलाला मी आधीच सांगितलं होतं, वार बघून घे. सोमवार नको, सोमवारी लेणी बंद असतात. नशीब, पाहुणे मंगळवारी होते."

माझा मेथीतला हात थांबला. साहेब सोयगावकडचे. त्यांच्या गावापासून अजिंठा जवळ, आणि अजिंठा सोमवारी बंद असतं. त्यांच्याकडच्या माणसाला लेणी म्हणजे अजिंठा आणि सुट्टी म्हणजे सोमवार. वेरूळ मंगळवारी बंद असतं. माझा भाऊ आठवड्यातून एकच दिवस मोकळा असतो, म्हणून तो मंगळवारीच माझ्याकडं येतो. वीस-पंचवीस वर्षं पाहुण्यांना लेण्यांच्या नावानं बोलावणारा हा माणूस स्वतः वेरूळला कधी गेलाच नव्हता.

आता मी बोलले असते तर त्यांनी वकिलाला फोन करून वेरूळच्या जागी अजिंठा करून घेतलं असतं. अजिंठा मंगळवारी उघडं असतं, लांबही आहे, दिवस सहज जातो. खोटं पक्कं झालं असतं. न बोलले तर खोटं कच्चं राहणार होतं. मी एवढंच म्हणाले, "साहेब, मी सही करणार नाही. आणि मला कुणी विचारलं तर जे पाहिलं ते सांगणार. आजच सांगून ठेवते."

"तुम्हाला कोण विचारतंय?" ते हसून म्हणाले आणि गेले.

वार मी मनातच ठेवला. त्याची मला लाज नाही. त्यांना सांगायचं ते मी तोंडावर सांगितलं होतं; त्यांचं खोटं दुरुस्त करून देणं हे माझं काम नव्हतं.

ड्रायव्हरनं सही केली. तो चितेगावचा, दोन पोरी लग्नाच्या. मी त्याला काही बोलले नाही. तोच मला म्हणाला, "मावशे, तुला काय, एकटा जीव." मी म्हणाले, "एकट्या जीवाला पण छप्पर लागतं." मग आम्ही चहा प्यालो.

कागद दिल्लीला गेला आणि चार-पाच महिने कुणी काही म्हणालं नाही. दिल्लीत एवढे हुशार लोक, त्यांच्यातल्या एकालाही वार खटकला नाही. साहेबांचा चेहरा जरा उजळला होता. मला वाटलं, मिटलं.

मग एका दुपारी मला सरकारी विश्रामगृहावर बोलावणं आलं. दिल्लीचा अधिकारी होता, तरुण, चष्मेवाला, हिंदी बोलणारा. त्याच्याशेजारी आपल्याकडचा एक हवालदार, मराठी लिहून घ्यायला. मी पदर नीट केला आणि बसले. घाबरले नव्हते असं म्हणणार नाही. पण आवाज नीट होता.

अधिकाऱ्यानं ड्रायव्हरचा कागद वाचून दाखवला. "तो उस दिन मेहमान एलोरा गए थे?"

"नहीं गए."

"आप कैसे कह सकती हैं? आप तो रसोई में थीं."

"सात थाली लगाई मैंने. तीन बजे तक कोई बाहर नहीं गया. और साब, मंगल को वेरूळ बंद रहता है."

त्यानं लिहिणं थांबवलं. चष्मा काढला. हवालदाराकडं वळून म्हणाला, "ये सच है?"

"हां सर. मंगल को बंद."

"आपको मालूम था?"

"यहां सबको मालूम है, सर."

"तो चार महीने से बताया क्यों नहीं?"

"आपने पूछा नहीं, सर."

मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. मग अधिकारी पुढं वाकला आणि हळू आवाजात म्हणाला की आता फक्त त्या मंत्र्याचं नाव सांगा. मी म्हणाले, चेहरा पाहिला नाही. त्यानं फोटो दाखवला. मी म्हणाले, मी हात पाहिला, दोन अंगठ्या, पांढरी बाही. ह्या फोटोत हात नाही. तो चिडला. चिडू दिलं. हवालदारानं लिहिलेला जबाब मी हातात घेऊन वाचला, बोट धरून, पाऊण तास. एका ठिकाणी त्यानं "मंत्री जेवायला होते" असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं आणि "पांढऱ्या बाहीचा माणूस" असं घालून घेतलं. मग खाली सही केली.

दोन दिवसांत गावभर झालं. नव्या सरकारच्या पक्षाचा इथला पुढारी हार आणि कॅमेरे घेऊन खोलीच्या दारात आला. "मावशी, तुम्ही मराठवाड्याची वाघीण. फक्त त्याचं नाव घ्या एकदा कॅमेऱ्यासमोर. तुमच्या राहण्याचं आम्ही बघतो."

"तोंड बघितलं नाय मी त्याचं."

"अहो सगळ्यांना माहीत आहे कोण होतं ते."

"मग सगळ्यांना सांगायला लावा."

तो हार तसाच घेऊन परत गेला. ड्रायव्हर फाटकाशी उभा होता, म्हणाला, "मावशे, हार तरी ठेवून घ्यायचा. झेंडूची फुलं होती." एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला होता. पुढच्या महिन्यात त्यानंही आपला जबाब बदलला.

साहेबांना अटक होऊन जामीन मिळाला. परत आले त्या दिवशी ते स्वयंपाकघरात आले, पण पाटावर बसले नाहीत. दाराला टेकून उभे राहिले.

"बुडवलंत मला."

"मी सांगितलं होतं तुम्हाला, विचारलं तर बोलणार."

"वाराचं नव्हतं सांगितलं."

"तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही सोमवार धरून बसला होता."

ते म्हणाले, "बावीस वर्षं माझं माणूस म्हणून राहिलात तुम्ही या घरात."

"स्वयंपाकीण म्हणून राहिले," मी म्हणाले. "त्यात कसूर केली असेल तर सांगा."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. आठ दिवसांनी त्यांच्या भावांनी खोली रिकामी करायला सांगितलं. माझा तवा, परात, दोन पातेली आणि कपड्यांची पेटी एवढं रिक्षात बसलं. माझा भाऊ म्हणाला, वेरूळला ये. मी गेले नाही. पुंडलिकनगरला एका घराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली भाड्यानं घेतली आणि भाकऱ्या करून द्यायला लागले. कॉलनीतल्या नोकरीवाल्या बायका सकाळी डबा घेऊन येतात. कुणी म्हणतं, भाकरी जाड आहे. मी म्हणते, पातळ पाहिजे असेल तर पापड खा.

लोक विचारतात, खरं बोलून मिळालं काय? मंत्री आता नव्या पक्षात आहे, परवा त्याची सभा झाली. साहेब परदेशात आहेत. कुठं, ते कुणी सांगत नाही. बंगल्याला कुलूप आहे. केस संपली की चालू आहे, तेही मला ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी मला पुन्हा एकदा बोलावलं होतं, या वेळी दुसराच अधिकारी. त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. तो म्हणाला, "मावशी, या केसमध्ये सत्तरेक लोकांचे जबाब आहेत. सगळ्यांनी फिरवले. मंत्र्यानं, त्याच्या सेक्रेटरीनं, ड्रायव्हरनं तर दोनदा. तुमचा तेवढा राहिलाय. तुम्हाला काही बदलायचं आहे का?"

मी जुना जबाब मागून घेतला. बोट धरून पुन्हा सगळा वाचला. त्याचा चहा गार झाला, पण तो थांबला. वाचून झाल्यावर मी म्हणाले, "नाय. बरोबर आहे." त्यानं खाली नवी तारीख टाकली आणि मी तिच्याशेजारी माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.